नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात मुक्काम कुठे करावा: इंदूरच्या एका कुटुंबाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या रामबागेतले एक कुटुंब २६ जानेवारीच्या सुट्टीला जोडून तीन रात्रींसाठी नाशिकच्या द्राक्षबागा आणि वाइनरी पाहायला जाणार आहे. पती-पत्नी, सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे आणि पुण्याहून थेट नाशिकला येणारी नणंद व तिचे यजमान अशी सहा माणसे आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना त्र्यंबकेश्वराचे दर्शन घ्यायचे आहे. सासरे पूर्ण शाकाहारी असून मद्याला स्पर्श करत नाहीत. गाडी घरची आहे. वाइनरीच्या आवारातल्या खोल्या, गंगावऱ्हे गावाजवळचा एखादा भाड्याचा बंगला आणि नाशिक शहरातले हॉटेल असे तीन पर्याय काढून ठेवून, यांतला कोणता घ्यावा असे सूनबाईंनी विचारले आहे.

माझे उत्तर आधी सांगते. तिन्ही रात्री एकाच ठिकाणी राहा. ते ठिकाण गंगापूर धरणाच्या बाजूला, वाइनरीपासून रस्त्याने चार-पाच किलोमीटरच्या आत असू द्या. सासू-सासऱ्यांची खोली तळमजल्यावर घ्या. आणि तारखा पुढे ढकलून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या सोमवार ते गुरुवार अशा ठेवा. या चार गोष्टी जमल्या, तर बंगला की वाइनरीतली खोली हा प्रश्न दुय्यम ठरतो. या चार गोष्टी का, हे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण ऐन वेळी हवी ती जागा मिळाली नाही, तर पर्याय निवडताना त्यामागचा विचारच उपयोगी पडेल.

इंदूरच्या मराठी कुटुंबांचे प्रवास आखण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. नाशिक म्हटले की आपल्याकडे पंचवटी आणि रामकुंड आठवते, आणि मुक्कामही आपोआप तिथल्याच एखाद्या भक्तनिवासात किंवा हॉटेलात ठरतो. तीर्थयात्रेसाठी ते योग्यच आहे. द्राक्षबागांच्या सहलीला मात्र ते गैरसोयीचे पडते. बहुतेक वाइनरी शहराच्या पश्चिमेला आणि उत्तरेला पसरलेल्या आहेत, पंचवटी जुन्या शहराच्या गर्दीत आहे, आणि संध्याकाळी परतताना सगळे शहर ओलांडून यावे लागते. म्हणजे ज्या वेळी थकवा असतो, पोटात थोडी वाइन असते आणि अंधार पडलेला असतो, नेमक्या त्याच वेळी सर्वांत अवघड प्रवास वाट्याला येतो.

म्हणून मुक्काम ठरवताना मी दिवसाचा कार्यक्रम बाजूला ठेवते आणि आधी संध्याकाळ पाहते. सकाळी माणूस ताजातवाना असतो. तेव्हा तीस-चाळीस किलोमीटर गाडी चालवणे कोणाला जड जात नाही. वाइनरीत मात्र बहुतेक लोक दुपारनंतर जातात, चाखणी संपेपर्यंत सूर्य कलतो, आणि द्राक्षाच्या ओळींवर उतरणारे ऊन बघत बसण्यात खरा आनंद तेव्हाच असतो. त्या क्षणापासून अंथरुणापर्यंतचा प्रवास किती लांबीचा आहे, तो कोण करवणार आहे आणि वाट उजेडाची आहे का, या तीन प्रश्नांवर मुक्कामाची जागा ठरायला हवी.

यात कायद्याचाही भाग आहे, आणि तो मी प्रत्येक कुटुंबाला स्पष्ट सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चाखणीत चार-सहा प्रकारच्या वाइन थोड्या थोड्या ओततात, त्यामुळे आपण किती घेतले याचा अंदाज राहत नाही. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असते, आणि त्यानंतर जेवणाबरोबर एक पेला घेतला की मर्यादा सहज ओलांडली जाते. तेव्हा ज्याने चाखले, त्याने त्या दिवशी गाडी चालवायची नाही, हे घरून निघतानाच ठरलेले असावे. सासरे पीत नाहीत, म्हणून परतताना गाडी ते चालवतील, असा हिशेब कृपया करू नका. अनोळखी अरुंद रस्ता, समोरून येणारे ट्रॅक्टर आणि अंधार, हे सत्तरीनंतरच्या डोळ्यांवर टाकण्याचे ओझे नव्हे. इंदूर ते नाशिक तुमचे यजमान गाडी चालवतील. तिथे पोहोचल्यावर वाइनरीच्या दिवसांसाठी स्थानिक चालक दिवसाच्या मजुरीवर घ्या. मुक्कामाचे मालक असा माणूस बहुधा मिळवून देतात, आणि खोली ठरवतानाच ते विचारून घ्यावे. ॲपवरून टॅक्सी मागवण्यावर विसंबू नका. शहरातून वाइनरीकडे जाताना ती मिळते. रात्री आठनंतर गंगावऱ्ह्याहून परत न्यायला कोणी येईलच, याची खात्री नसते.

आता भूगोल पाहू. नाशिकचा द्राक्षपट्टा एकसंध नाही, आणि ‘नाशिकजवळ’ एवढ्या शब्दांवर खोली ठरवली की फसगत होते. मुक्कामाच्या दृष्टीने मी त्याचे तीन मोठे भाग करते.

पहिला गंगापूर धरणाचा. गोदावरीवरच्या या मातीच्या धरणामुळे शहराच्या पश्चिमेला मोठा जलाशय झाला आहे आणि गंगापूर, सावरगाव, गंगावऱ्हे या बाजूला बागा, वाइनरी, रिसॉर्ट आणि बंगले एकमेकांच्या जवळ आहेत. सुला या कंपनीची वाइन २००० सालच्या सुमारास इथूनच बाजारात येऊ लागली, आणि नाशिकचे वाइन पर्यटन खऱ्या अर्थाने याच गंगापूर-सावरगाव रस्त्यावर उभे राहिले. त्याच परिसरात यॉर्क ही वाइनरी आहे, जी २०२१ मध्ये सुलाने विकत घेतली, आणि गंगावऱ्ह्याला सोमा वाइन व्हिलेज आहे. सुलाची राहण्याची सोय दोन ठिकाणी आहे: ‘द सोर्स’ वाइनरीच्या आवारातच, तर ‘बियाँड’ तिथून काही किलोमीटरवर. ही दोन नावे एकच समजून अनेक जण नोंदणी करतात, आणि चालत जाता येईल अशा अपेक्षेने आलेल्यांना मग गाडी काढावी लागते. हा भाग शहरापासून अर्ध्या-पाऊण तासावर असल्यामुळे औषधाचे दुकान आणि इस्पितळ हाताशी राहते. तुमच्याबरोबर ज्येष्ठ माणसे आहेत, म्हणून माझ्या दृष्टीने ही फार मोठी जमेची बाजू आहे.

गंगापूरच्या बाबतीत एक सावधगिरी नकाशाची. मुक्कामाची नोंदणी करणाऱ्या ॲपवर अंतर बऱ्याचदा सरळ रेषेत मोजलेले असते. इथे मधे जलाशय आहे. पाण्याच्या एका तीरावरचा बंगला दुसऱ्या तीरावरच्या वाइनरीपासून नकाशावर तीन किलोमीटर दिसतो आणि रस्त्याने पाण्याला मोठा वळसा घालून जावे लागते. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी त्या ठिकाणापासून वाइनरीच्या फाटकापर्यंतचा रस्ता नकाशावर स्वतः काढून पाहा, आणि तो संध्याकाळी सातच्या वेळेचा काढा.

दुसरा भाग इगतपुरी तालुक्याचा. सांजेगाव, कावनई, मुकणे धरण हा परिसर शहरापासून नैऋत्येला, मुंबई-आग्रा महामार्गापासून थोडा आत आहे. ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने या वाइनरी इथल्या. माझ्या मते नाशिक जिल्ह्यातला सर्वांत देखणा द्राक्षमुलूख हाच आहे: पाठीमागे सह्याद्रीची रांग, समोर धरणाचे पाणी, आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत विलक्षण शांतता. केवळ दोघेच जाणार असतील आणि वाइन हाच मुख्य हेतू असेल, तर मी त्यांना डोळे मिटून इकडे पाठवते. व्हॅलोनेकडे खोल्या अगदी मोजक्या आहेत आणि तिथे राहणाऱ्याला बाग, तळघर, जेवण सगळे पायी अंतरावर मिळते. संध्याकाळचा प्रश्नच उरत नाही. पण तुमच्या सहा जणांसाठी मी हा भाग सुचवत नाही. मोजक्या खोल्यांतल्या तीन एकाच वेळी मिळणे कठीण, सासूबाईंना काही दुखले-खुपले तर मोठे इस्पितळ लांब, आणि वाइन न घेणाऱ्या माणसाला तिथे तीन दिवस काय करावे असा प्रश्न पडतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून मुंबईकडचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून मुंबईकरांना हा भाग अधिक जवळ आला आहे. त्यामुळे शनिवार-रविवारी इथली शांतता गृहीत धरू नये, हेही जाता जाता सांगते.

तिसरा भाग दिंडोरीचा, शहराच्या उत्तरेला वणीच्या रस्त्यावर. शँडॉन या फ्रेंच कंपनीने २०१३ मध्ये भारतात फेसाळ वाइन आणली, ती दिंडोरीत तयार होते. बागांचा विस्तार इथे मोठा आहे, पण पर्यटकांसाठी राहण्याच्या चांगल्या सोयी गंगापूरच्या मानाने कमी आहेत. तुमच्या कुटुंबाचे कुलदैवत सप्तशृंगी असेल, तर दिंडोरीमार्गे वणीच्या गडावर जाऊन येता येते, आणि गडावर आता रुळांवरून चढ चढणारी फ्युनिक्युलर ट्रॉली असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही दर्शन घडते. ते एका दिवसाच्या फेरीत बसते; त्यासाठी मुक्काम हलवण्याची गरज नाही.

याशिवाय पूर्वेला निफाड, पिंपळगाव बसवंत, विंचूर हा पट्टा आहे. विंचूरला औद्योगिक विकास महामंडळाचे वाइन पार्क आहे खरे, पण या भागातली बहुतेक बाग खाण्याच्या द्राक्षाची आहे. शेतकऱ्याच्या घरी राहून द्राक्षशेती समजून घ्यायची असेल आणि नांदूर मध्यमेश्वरला हिवाळी पक्षी पाहायचे असतील, तर इथले कृषी पर्यटन केंद्र उत्तम. महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा, तेच. वाइनरींचा कार्यक्रम मात्र इथून लांब पडतो.

खाण्याची आणि वाइनची बाग यांतला फरक मुक्काम निवडताना फार उपयोगी पडतो, म्हणून त्यावर थोडे थांबते. ‘द्राक्षबागेत बंगला’ अशी जाहिरात असलेल्या कित्येक जागांभोवती प्रत्यक्षात खाण्याच्या द्राक्षाचे प्लॉट असतात. त्यात वाईट काही नाही, पण तुम्ही जे चित्र मनात धरून जाल, ते तसे नसते. छायाचित्रावरून ओळखण्याची खूण अशी: खाण्याची द्राक्षे मांडवावर किंवा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या आधारावर चढवलेली असतात, घड डोक्याच्या आसपास लोंबतात आणि खाली सावली असते, वाइनच्या वेली बहुतेक ठिकाणी उभ्या तारांवर, भिंतीसारख्या सरळ ओळींत वाढवलेल्या असतात आणि घड कमरेच्या उंचीवर दिसतात. दुसरी बाब फवारणीची. खाण्याच्या बागांत मोसमात औषधांच्या फवारण्या वारंवार होतात, त्या पहाटे किंवा उन्हे उतरल्यावर ट्रॅक्टरवरच्या पंपाने करतात, आणि बागेला अगदी लागून असलेल्या खोलीत तो आवाज आणि वास दोन्ही पोहोचतात. दम्याचा त्रास असलेले कोणी बरोबर असेल, तर मालकांना याबद्दल आधी विचारायलाच हवे. काढणीच्या तोंडावर फळात औषधाचा अंश राहू नये म्हणून फवारणी थांबवतात, त्यामुळे फेब्रुवारीत हा त्रास तुलनेने कमी असतो.

मोसमाचा मुक्कामाशी संबंध अनेकांच्या लक्षात येत नाही. नाशिककडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधली खरड छाटणी झाली की बाग उघडीबोडकी होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या गोडी छाटणीनंतर घड धरतात आणि वाइनच्या द्राक्षाची काढणी साधारण जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते, आधी पांढऱ्या वाइनची, मग तांबड्या वाइनची. ‘बागेकडे तोंड असलेली खोली’ म्हणून जास्त पैसे मोजायचे असतील, तर ते याच दोन-अडीच महिन्यांत मोजावेत. एप्रिल-मे महिन्यांत त्याच खिडकीतून काड्या दिसतात. पावसाळ्यात हिरवळ अप्रतिम असते, धरण भरलेले असते, दरही उतरलेले असतात, पण वेलीवर फळ नसते. तेव्हा जायचे असेल, तर बागेपेक्षा पाण्याकडे तोंड असलेली खोली घ्यावी.

तुमच्या तारखांकडे येते. २६ जानेवारीला महाराष्ट्रात ड्राय डे असतो. त्या दिवशी वाइनरीत चाखणी नसते आणि जेवणाबरोबरही वाइन मिळत नाही. तीन दिवसांच्या सहलीतला एक दिवस असा जाणे म्हणजे प्रवासाचा तिसरा हिस्सा हेतूविना जाणे. शिवाय त्या सुट्टीला जोडून मुंबई आणि पुणे दोन्हीकडचे लोक नाशिकला येतात, दर चढलेले असतात आणि शनिवार-रविवारी वाइनरीच्या आवारात बसायला जागा मिळत नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात काढणी रंगात आलेली असते आणि सोमवार ते गुरुवार गर्दी ओसरलेली असते. सुलाचा संगीत महोत्सव २००८ पासून काही वर्षांचा खंड वगळता याच सुमारास भरत आला आहे, पण तो शनिवार-रविवारचा कार्यक्रम असल्यामुळे मधले दिवस मोकळे राहतात. नणंदेच्या यजमानांना मधल्या दिवसांत रजा मिळत नसेल, तर निदान रविवारी दुपारनंतर पोहोचा. परतणारी गर्दी तुमच्या उलट दिशेने जात असेल.

सहल लांबणीवर पडून पुढच्या मोसमावर गेली, तर सिंहस्थाचा विचार करावा लागेल. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला ठरलेले आहे आणि मुख्य स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. २०१६ च्या उज्जैनच्या सिंहस्थात इंदूरच्या हॉटेलांवर किती ताण पडला होता, हे आपण पाहिलेले आहे. नाशिकला त्या काळात खोली मिळवण्यासाठी आणि रस्त्यावर लागणाऱ्या वेळेसाठी वेगळीच तयारी करावी लागेल.

आता जागेचा प्रकार. वाइनरीच्या आवारातली खोली सर्वांत सोयीची असते, कारण चाखणी, जेवण आणि अंथरूण एकाच कुंपणात असतात. तिची किंमत मात्र दुसऱ्या रूपातही मोजावी लागते: दिवसभर बाहेरच्या पाहुण्यांची वर्दळ, संध्याकाळी संगीत, आणि मोसमात लग्नसमारंभ. मकरसंक्रांतीनंतर मुहूर्त सुरू होतात आणि द्राक्षबागेत लग्न करण्याची आवड अलीकडे वाढली आहे. तेव्हा ‘आमच्या तारखांना आवारात लग्न किंवा कंपनीचा कार्यक्रम आहे का’ हा प्रश्न फोनवर नक्की विचारा. स्वागतकक्षापासून खोलीपर्यंत चालावे किती लागते, वाटेत पायऱ्या किती आहेत, बॅटरीवर चालणारी गाडी ज्येष्ठांना सोडते का, हेही विचारा. बागा बहुधा उतारावर असतात आणि चित्रात सपाट दिसणारी वाट गुडघ्यांना चढाची वाटते.

सहा माणसांसाठी तीन खोल्यांचा बंगला बऱ्याचदा अधिक चांगला ठरतो. सर्वांना एकत्र बसायला ओटा किंवा दिवाणखाना मिळतो, सासऱ्यांना साडेसातला साधे वरण-भात-भाजीचे जेवण मिळू शकते, आणि तरुण मंडळी वाइनरीत थोडी जास्त रेंगाळली, तरी घरी असलेल्यांना एकटे वाटत नाही. ज्या कुटुंबात काही माणसे वाइन घेतात आणि काही घेत नाहीत, तिथे न घेणाऱ्यांची संध्याकाळ सुखाची असणे हाच मुक्कामाचा खरा निकष आहे, असे माझे ठाम मत आहे. ती माणसे कंटाळली की उरलेले घाई करू लागतात आणि कोणालाच काही नीट अनुभवता येत नाही.

बंगल्याच्या बाबतीत मात्र विचारपूस अधिक कसोशीने करावी लागते. पहिली गोष्ट विजेची. मळ्यातल्या बंगल्याची वीज कधी कधी गावठाणाच्या फीडरवरून, म्हणजे वीजवाहिनीवरून, नसून शेतीच्या फीडरवरून घेतलेली असते, आणि शेतीचा पुरवठा ठरावीक तासांपुरताच असतो. जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे का आणि त्यावर गिझर चालतो का, असे नेमके विचारा. नाशिकच्या थंडीत हा प्रश्न महत्त्वाचा आहे. निफाडकडे पारा काही वर्षी पाच अंशांच्या आसपास उतरतो, आणि धरणाकाठी पहाट चांगलीच गार असते. दुसरी गोष्ट स्वयंपाकाची. स्वयंपाक बंगल्यातच होतो की डबा बाहेरून येतो, आणि सामिष व शाकाहारी जेवणाची भांडी वेगळी ठेवतात का, हे सासऱ्यांसाठी विचारून घ्या. तिसरी गोष्ट न्हाणीघराची: कमोड, धरायला दांडी, न घसरणारी फरशी. या तिन्हींची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर मागवावीत. चांगला मालक ती आनंदाने पाठवतो.

आणि एक गोष्ट जाहिरातीत कुठेच लिहिलेली नसते. नाशिक जिल्ह्याच्या ऊस आणि द्राक्षाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. घाबरण्याचे कारण नाही, पण जेवणानंतर मळ्याच्या वाटेने फिरायला जाण्याची इंदुरी सवय इथे आवरती घ्यावी, आणि कुंपण व बाहेरचे दिवे आहेत अशी जागा निवडावी. लहान मुले बरोबर असती, तर ही अट मी सर्वांत वर ठेवली असती.

शहरातल्या हॉटेलाचा पर्याय मी पूर्णपणे बाद करत नाही. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडवर हॉटेल घेतले, तर वाइनरीकडे जाणे पंचवटीच्या मानाने खूपच सोपे होते. लिफ्ट, अखंड वीज आणि जवळ इस्पितळ या तिन्ही गोष्टी निश्चित असतात. सासूबाईंची प्रकृती जाण्याच्या सुमारास ठीक नसेल, तर हा पर्याय निःसंकोच घ्या आणि दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवा.

इंदूरहून जाताना मुक्कामाच्या जागेचा विचार पोहोचण्याच्या वेळेशी जोडावा. आग्रा-मुंबई महामार्गाने खलघाट, सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड असा साधारण चारशे किलोमीटरचा प्रवास आहे, आणि ज्येष्ठांसह थांबत थांबत गेल्यास नऊ तास धरावेत. पहाटे सहाला निघालात, तर तीन-चारपर्यंत पोहोचता. चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल आहे. होळकरांच्या इंदुरातून जाणाऱ्याने तिथे थांबावेसे वाटणे साहजिक आहे, पण जाताना थांबलात, तर पुढचा गावरस्ता अंधारात शोधावा लागेल, म्हणून तो परतीच्या दिवसासाठी ठेवा. फेब्रुवारीच्या आरंभी सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, आणि त्याआधी सामान खोलीत गेलेले असावे. शेवटच्या टप्प्यासाठी मालकांकडून नकाशावरची नेमकी खूण मागवा. मळ्यांच्या पत्त्यांत गट क्रमांक असतो, आणि त्यावरून अनोळखी माणसाला रस्ता सापडत नाही.

दिवसांची मांडणी अशी करावी. सोमवारी संध्याकाळी पोहोचून विश्रांती घ्यावी. त्या दिवशी वाइनरी ठेवू नये. मंगळवारी पहाटे लवकर निघून त्र्यंबकेश्वर. सोमवारी तिथे महादेवाची गर्दी असते, ती टळते, आणि गंगापूरच्या बाजूने गेल्यास शहर मधे येत नाही. परतताना एखाद्या मळ्यातली मिसळ, दुपारी झोप, आणि चारनंतर सर्वांत जवळची वाइनरी. बुधवारी सकाळी ज्यांना वाइन आवडते त्या चौघांनी चालकाला घेऊन दिंडोरीकडे जावे आणि चारपर्यंत परतावे, म्हणजे संध्याकाळ सहा जणांची एकत्र जाईल. चाखणीची आणि वाइनरी दाखवण्याची वेळ प्रत्येक ठिकाणी आधी फोनवर ठरवून घ्या. दिंडोरीकडे न कळवता गेल्यास दार बंद मिळू शकते. गुरुवारी न्याहारी करून निघावे. तारखा आणखी पुढे गेल्या आणि महाशिवरात्र तुमच्या आठवड्यात येत असेल, तर मात्र त्र्यंबकचा बेत बदलावा लागेल, म्हणून पंचांग पाहूनच नोंदणी करा.

पैशांविषयी इतकेच सांगते, की मधल्या वारांसाठी तीन खोल्या तीन रात्रींकरिता घेणाऱ्या कुटुंबाला थेट फोनवर विचारल्यास दरात सवलत मिळते, आणि ॲपवरचा दर हा शेवटचा दर समजू नये. आगाऊ रक्कम देताना तळमजल्याची खोली, त्या तारखांना समारंभ नसल्याची खात्री, गरम पाण्याची सोय आणि रद्द केल्यास परत मिळणारी रक्कम हे चार मुद्दे संदेशात लिहून घ्या. नणंदेला तोच संदेश पुढे पाठवा, म्हणजे पुण्याहून ती मंडळी आधी पोहोचली, तर तळमजल्याची खोली सासू-सासऱ्यांसाठी ताब्यात घेऊन ठेवतील.